संकटाची हांक

आज मी आपल्याशीं एका भोंग्याविषयीं बोलणार आहें. तो गिरणीचा नव्हे, कीं रस्त्यावरून धांवणाऱ्या रुग्णवाहिकेचाहि नव्हे. एका वृद्ध बाईंनीं उशाजवळची कळ दाबली असतां जिन्यांत वाजूं लागावें, एवढेंच त्याचें काम. आणि शिवणाच्या डब्याएवढ्या पेटींत त्याचा सारा संसार मावतो. तो मीं स्वतः तयार केला. मी कांहीं अभियंता नव्हे. मॅट्रिकनंतर मास्तरकी पत्करून तींतच आयुष्य घालविलेला एक निवृत्त शिक्षक आहें. तेव्हां जें मला साधलें तें आपणांपैकीं कोणासहि साधण्यासारखें आहे, हें आरंभींच सांगून ठेवतों.

हा उद्योग मीं कां आरंभिला, तें सांगितल्यावांचून पुढील हकीकत नीट कळावयाची नाहीं. आमच्या इमारतींत, माझ्या घराच्या भिंतीपलीकडे, ऐंशी वर्षें उलटून गेलेल्या एक काकू एकट्याच राहतात. मुलगा परदेशीं, मुलगी दूरच्या गांवीं. एका पावसाळ्यांत सकाळच्या वेळीं त्या न्हाणीघरांत घसरून पडल्या. खुब्याला मार बसल्यामुळें त्यांना उठतां येईना. त्यांनीं हांका मारल्या, परंतु पावसाच्या आवाजांत त्या विरून गेल्या. अखेर हातीं लागलेल्या तांब्यानें त्या भिंत ठोकूं लागल्या.

श्रोतेहो, तो ठोका मला ऐकूं आला होता. हेंच मला आज सांगावयाचें आहे. मी भिंतीपलीकडे चहा घेत बसलों होतों. कोणीं तरी सकाळीं सकाळीं दुरुस्तीचें काम काढलें असावें असें समजून मीं मनांतल्या मनांत त्रासलों आणि वर्तमानपत्राचें पान उलटलें. दोन तासांनीं दूधवाल्यानें दार वाजविलें, आंतून क्षीण ओ आली, तेव्हां कोठें सर्व उलगडा झाला. काकू पुढें बऱ्या झाल्या. मला त्यांनीं एका शब्दानेंहि दोष दिला नाहीं. परंतु तो तांब्याचा ठोका माझ्या मनांतून जाईना. ध्वनि कानावर पडणें निराळें आणि हांक कळणें निराळें, हा धडा मला शाळेंतल्या इतक्या वर्षांत मिळाला नव्हता, तो त्या सकाळीं मिळाला.

भोंग्याचा इतिहास पाहिला तरी हीच गोष्ट प्रत्ययास येते. काग्निआर द ला तूर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८१९ सालीं, भोकें पाडलेली तबकडी हवेच्या झोतापुढें फिरवून स्वर उत्पन्न करणारें एक यंत्र रचलें. तबकडी जितकी जलद फिरे तितका स्वर उंच होई. हें यंत्र पाण्याखालींहि वाजे, म्हणून त्यानें त्यास ग्रीक पुराणांतील सागरवासी गायिकांचें ‘सायरन’ हें नांव दिलें. त्या गायिका आपल्या गोड गळ्यानें खलाशांस भुलवीत व त्यांचा नाश ओढवीत. नाश करणारीचें नांव रक्षण करणाऱ्या यंत्रास मिळावें, हा योग मोठा चमत्कारिक खरा! आपल्याकडे लोकांनीं मात्र त्यास ‘भोंगा’ हें आपलें नांव देऊन टाकलें. गिरणीच्या भोंग्याची जात थोडी निराळी, तो वाफेवर वाजे. पण मुंबईच्या गिरणगांवांत व सोलापुरांत त्याच्यावर माणसें उठत, डबे भरले जात, घड्याळें लावलीं जात. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरणी-कामगारांचा संप सुरू झाला, पुढें एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या व ते भोंगेहि मुके झाले. पण वाजत होते तोंवर ‘हा कसला आवाज?’ असें कोणास विचारावें लागत नसे. नागरी संरक्षणाच्या भोंग्याचेंहि तसेंच. चढउतार करीत वाजला तर धोका, एका स्वरांत सरळ वाजला तर धोका टळला, हा संकेत १९७१ च्या युद्धकाळीं घरोघर ठाऊक होता. आणि ७ मे २०२५ रोजीं देशांत ठिकठिकाणीं सराव झाला तेव्हां नव्या पिढीसहि तो सांगावा लागला. भोंग्याचें बळ निव्वळ आवाजांत नाहीं. तें आधीं ठरलेल्या अर्थांत आहे. काकूंच्या तांब्याला असा ठरलेला अर्थ नव्हता.

आतां प्रत्यक्ष रचनेकडे वळूं. माझ्या पेटीचें हृदय म्हणजे ‘५५५’ या क्रमांकानें ओळखला जाणारा, चिंचोक्याएवढा, आठ पायांचा एक काळा तुकडा. हान्स कामेंझिंड या मूळच्या स्विस अभियंत्यानें १९७१ सालीं अमेरिकेंत त्याची रचना केली व १९७२ सालीं तो बाजारांत आला. पन्नास वर्षें उलटून गेलीं, तरी मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लींत आजहि तो थोडक्या पैशांत मिळतो.

त्याचें काम समजण्यास फार शास्त्र नको. कपॅसिटर, ज्याला जुने दुकानदार कंडेन्सर म्हणतात, तें विजेचें एक लहानसें भांडें समजा. आणि रेझिस्टर ही त्या भांड्यांत वीज सोडणारी बारीक तोटी समजा. भांडें दोन-तृतीयांश भरलें कीं ५५५ तें रिकामें करूं लागतो. एक-तृतीयांशावर आलें कीं पुन्हां भरूं देतो. हें भरणें-ओसरणें एका सेकंदांत जितके वेळां होईल, तितकी निघणाऱ्या स्वराची कंपनसंख्या. तोटी बारीक केली किंवा भांडें मोठें घेतलें, कीं स्वर खालीं उतरतो. बस्स, एवढेंच.

पहिल्या प्रयत्नांत मीं असे दोन तुकडे घेतले. एक सावकाश चाले व दुसऱ्याच्या पांचव्या पायावरील विजेचा दाब कमीजास्त करी. त्यामुळें दुसऱ्याचा स्वर रुग्णवाहिकेसारखा चढे-उतरे. मनुष्याचा कान २००० ते ५००० कंपनांच्या दरम्यान सर्वांत तीक्ष्ण असतो, असें मीं वाचलें होतें. म्हणून स्वर काढण्यासाठीं सुमारें ३००० कंपनांवर जोरानें वाजणारी एक पिझो चकती आणली. कळ दाबतांच माझा नातू तळमजल्यावरून कानांवर हात ठेवून धांवत वर आला. मी कृतार्थ झालों!

पण हा आनंद फार काळ टिकावयाचा नव्हता. खरी परीक्षा घ्यावी म्हणून मी माझ्या खोलींत गेलों, दार लावलें, पंखा सुरू केला, पलंगावर पडलों आणि नातवास जिन्यांत जाऊन कळ दाबावयास सांगितलें. बराच वेळ गेला. पोरगा खेळावयास पळाला वाटतें, असें म्हणून मी उठलों. दार उघडून पाहतों तों भोंगा वाजतच होता, आणि नातू तोंडाकडे बघत उभा होता!

माझे कान साठी ओलांडलेले. त्याचे दहा वर्षांचे. वय वाढूं लागलें कीं माणसाच्या कानांतून प्रथम उंच स्वर नाहींसे होतात, आणि तें त्याचें त्यास कळतहि नाहीं. शिवाय बंद दार उंच स्वरांस जितकें अडवितें तितकें खालच्या स्वरांस अडवीत नाहीं. आमच्या जिन्यावर दिवसभर घरीं असणारीं माणसें बहुतेक माझ्याच वयाचीं किंवा वडील. म्हणजे ज्यांनीं धांवून जावयाचें त्यांनाच तो भोंगा ऐकूं येणार नव्हता. पुस्तकांतील तीक्ष्ण कान हा तरुण कान होता, ही गोष्ट माझ्या ध्यानीं आली नव्हती.

याविषयीं शोध घेतां असें आढळलें, कीं मेलबर्न येथील व्हिक्टोरिया विद्यापीठांतील संशोधकांनीं झोंपलेल्या माणसांवर आगीच्या सूचनेचे निरनिराळे स्वर वाजवून पाहिले आहेत. ३००० कंपनांच्या आसपासच्या नेहमींच्या कर्कश स्वरापेक्षां ५२० कंपनांचा ‘चौकोनी’ स्वर ऐकूं कमी येणाऱ्या माणसांस कितीतरी अधिक खात्रीनें जागें करतो, असें त्यांस दिसून आलें. अमेरिकेच्या अग्निसूचनेच्या नियमावलींत निजण्याच्या खोल्यांसाठीं पुढें हाच स्वर आला. चौकोनी स्वर म्हणजे काय? वीज हळूहळू न चढतां-उतरतां एकदम चालू व एकदम बंद होते, असा स्वर. त्यांत ५२० चा मूळ स्वर तर असतोच, शिवाय त्याच्या तिप्पट, पांचपट, सातपट असे वरचे स्वरहि मिसळलेले असतात. त्यामुळें म्हाताऱ्याच्या कानास खालचा धागा सांपडतो, तरुणाच्या कानास वरचा. आणि योगायोग असा, कीं ५५५ मधून मुळांत निघतो तो चौकोनी स्वरच.

तेव्हां दुसऱ्या खेपेस मीं हिशेब नव्यानें मांडला. ज्यांना करून पाहावयाचें असेल त्यांनीं कागद-पेन्सिल घ्यावी. पहिल्या रेझिस्टरमध्यें दुसऱ्याची दुप्पट मिळवावी, त्या बेरजेस कपॅसिटरच्या मापानें गुणावें, आणि येणाऱ्या संख्येनें १.४४ ला भागावें. भागाकार म्हणजे कंपनसंख्या. पहिला रेझिस्टर १००० ओहमचा घेतला. दुसऱ्याच्या जागीं १०,००० व ३,३०० ओहमचे दोन एकापुढें एक जोडले. म्हणजे १३,३०० झाले. कपॅसिटर ०.१ मायक्रोफॅरडचा. उत्तर येतें जवळजवळ ५२२. दुसरा ५५५ मीं ठेवला, पण त्याच्याकडून चढउताराचें काम काढून घेतलें. त्यास १०००, ६,८०० ओहम व १०० मायक्रोफॅरड दिले असतां तो सेकंदास सुमारें एक फेरा करतो. आणि पहिल्याच्या चौथ्या पायास जोडला असतां अर्धा सेकंद आवाज व अर्धा सेकंद शांतता, अशी लय मिळते. चढउताराचा स्वर मीं मुद्दाम टाकला. कारण तसा आवाज रस्त्यावरून दिवसांतून अनेकदां जातो व कोणी मानहि वर करीत नाहीं. शिवाय सतत वाजणाऱ्या आवाजास कान सरावतो. तुटक वाजणाऱ्यास सरावत नाहीं. आणि मधल्या त्या अर्ध्या सेकंदाच्या शांततेंत आंतलें माणूस हांक मारीत असेल तर ती हांकहि ऐकूं येते.

५५५ स्वतः फार तर २०० मिलिअँपिअर वीज देऊं शकतो. तेवढ्यावर कर्णा वाजत नाहीं. म्हणून मध्यें एक जाडजूड ट्रान्झिस्टर घातला, त्यास उष्णता सोडण्यासाठीं ॲल्युमिनियमची पट्टी लावली, आणि पिझो चकतीच्या जागीं सभांतून असतो तसा, पण लहानसा, १५ वॅटचा कर्णा जोडला. पुन्हां दार लावून, पंखा लावून पडलों. या वेळीं मी पहिल्याच ठोक्यास उठून बसलों.

येथें यंत्राचें काम संपलें असें कोणास वाटेल. वस्तुतः अर्धेंच झालें होतें. चार प्रश्न उरले होते, आणि ते चारहि यंत्रापेक्षां माणसाशीं अधिक संबद्ध होते.

पहिला प्रश्न, कळ कोठें असावी? पडलेल्या माणसाचा हात भिंतीवरील कळीपर्यंत पोंचत नाहीं. काकूंचा पोंचला नव्हता. म्हणून न्हाणीघरांत वर ओढण्याची कळ बसविली व तिची दोरी जमिनीपासून एक वीत अंतरापर्यंत सोडली. निजलेलें माणूसहि ती ओढूं शकतें. या सर्व तारांतून १२ व्होल्टचाच प्रवाह खेळतो. ओल्या जागीं घरच्या २३० व्होल्टच्या विजेस थारा देऊं नये, हा नियम कोणीहि मोडूं नये. कळ दोन-तीन सेकंद दाबून धरली तरच भोंगा वाजावा, म्हणजे चुकून वाजणार नाहीं, अशी सूचना एकानें केली. ती मीं मानली नाहीं. कांपणाऱ्या बोटास तीन सेकंद म्हणजे फार झाले. दहा वेळां चुकून वाजलेला परवडेल. एकदां न वाजलेला परवडणार नाहीं.

दुसरा प्रश्न, वीज गेली तर? पेटींत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद बॅटरी आहे व घरच्या विजेवर ती सदैव भरत राहते. भोंगा अर्धा वेळच वाजत असल्यामुळें त्यास सरासरीनें अर्ध्या अँपिअरहूनहि कमी वीज लागते. वीज नसतांहि तो रात्रभर वाजूं शकेल.

तिसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. उंदरानें तार कुरतडली किंवा बॅटरी निकामी झाली, तर तें कळणार केव्हां? काकू पडतील तेव्हां! हें टाळण्यास एक सोपी युक्ति आहे. कळेवर आडवा एक लहानसा हिरवा दिवा व ४,७०० ओहमचा रेझिस्टर जोडला. भोंगा सुरू करणाऱ्या रिलेच्या वेटोळ्यांतून सुमारें दोन मिलिअँपिअरचा बारीक प्रवाह सदोदित वाहतो. तेवढ्यानें दिवा मिणमिणतो, परंतु रिले हलत नाहीं. कळ दाबली कीं दिव्याची वाट टळून पूर्ण प्रवाह रिलेस मिळतो व भोंगा सुरू होतो. तार पेटीपासून निघून न्हाणीघरांतून काकूंच्या उशाशीं येते, आणि दिवा अगदीं शेवटीं, उशाशीं आहे. कोठेंहि तार तुटली, बॅटरी मेली, तर दिवा मालवतो. रात्रीं निजतांना काकू त्याकडे एकदां पाहतात. “मास्तर, देवापुढचा एक आणि हा एक, दोन्ही दिवे लागलेले बघितले कीं झोंप येते,” असें त्या म्हणतात.

चौथा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. भोंगा एकदां सुरू झाला कीं रिले स्वतःस धरून ठेवतो. कळ सुटली तरी तो वाजत राहतो. मग तो बंद करावयाची कळ कोठें असावी? प्रथम मीं ती जिन्यांत, पेटीवरच ठेवली होती, सोय म्हणून. नंतर विचार केला. रात्रीं दोन वाजतां भोंगा वाजेल. कोणी तरी डोळे चोळीत बाहेर येईल, कळ दाबील, ‘चुकून वाजला असेल’ असें म्हणून परत जाऊन निजेल. असें करणारा माणूस दुष्टच असेल असें नाहीं. तांब्याचा ठोका ऐकून पान उलटणारा मीहि दुष्ट नव्हतों. म्हणून ती कळ मीं जिन्यांतून काढली व काकूंच्या उशाशीं नेऊन बसविली. आतां आवाज थांबवावयाचा असेल, तर काकूंच्या घरांत, त्यांच्या पलंगापर्यंत जावेंच लागतें. चुकून वाजला असेल तर त्या स्वतः तो बंद करतात; त्या बंद करूं शकत नसतील, तर कोणास तरी तेथें जाणें भाग आहे. दाराची एक किल्ली माझ्याकडे व एक समोरच्या बिऱ्हाडीं असते. उशाशीं एक कागद चिकटविला आहे. त्यावर रुग्णवाहिकेचा १०८ क्रमांक, काकूंचा रक्तगट व चालू औषधें लिहिलीं आहेत.

‘घरोघर भ्रमणध्वनि असतां हा खटाटोप कशास?’ असें मला पुष्कळांनीं विचारलें. त्या दिवशीं काकूंचा भ्रमणध्वनि पलंगावर होता आणि काकू न्हाणीघरांत. तो हातीं असता तरी परदेशांतील मुलगा करणार काय? सर्वांत जवळचें माणूस भिंतीपलीकडे असतें. त्याच्यापर्यंत हांक पोंचली पाहिजे.

आतां दर महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं दहा वाजतां काकू कळ दाबतात. जिन्यावरील चारहि घरांतील माणसें जातात, भोंगा बंद करतात व चहा घेऊन परततात. या सरावांत यंत्राची परीक्षा होते, आणि त्याहून अधिक आमची होते. एकदां नव्या मोलकरणीनें ती दोरी कपडे वाळत घालण्याची समजून ओढली. एका मिनिटांत आम्ही पांच जण तेथें होतों. एक जण तोंडाला साबण लावलेल्या स्थितींत! काकू ओशाळल्या, आम्हांस मात्र समाधान वाटलें. खरी वेळ अद्याप आलेली नाहीं, व ती न येवो.

आपल्या घरीं किंवा शेजारीं कोणी वृद्ध एकटें राहत असेल तर आपणहि हें जरूर करून पाहावें. स्वतः डाग देतां येत नसेल तर ओळखीच्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावें. मात्र भोंगा तयार झाल्यावर त्याची परीक्षा घरांतील लहान मुलाच्या कानांवर घेऊं नका. जिन्यावरील सर्वांत वयोवृद्ध शेजाऱ्यास दार लावून, पंखा लावून पलंगावर पडावयास सांगा, मग कळ दाबा, आणि तो उठून बाहेर येतो कीं नाहीं तें पाहा. आला, तर आपला भोंगा उत्तम साधला असें समजण्यास हरकत नाहीं.